भूमिका : आतल्या खोलीतली बाई

१

उभी नोकरी मी लोकांचे अर्ज परत पाठवले. रेकॉर्ड विभागात दुसरं काम नसतं. "सही जुळत नाही", "प्रत अस्पष्ट आहे", "सोबतचा कागद जोडलेला नाही", एवढ्या भांडवलावर मी संसार केला, मुलगी वाढवली आणि वाचनालयातली बरीचशी कपाटं संपवली. तेव्हा निवृत्तीनंतर कधीतरी कोणीतरी माझाच अर्ज माझ्या तोंडावर फेकणार, हे मी धरून चाललो होतो. अर्ज परत आला याचा मला राग नाही. ज्या कारणासाठी आला त्याचा आहे, आणि तो अजून उतरलेला नाही. उतरू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण माझ्याजवळ आता तेवढाच उरला आहे.

अर्ज सिनेमाचा होता. आमच्या मुलीनं सिनेमा काढला. नाव 'सातवं काज'. ती त्याला स्वतंत्र सिनेमा म्हणते, म्हणजे ज्याला कोणी वाली नाही असा. गोष्ट सांगायला मला अर्धा जिना चढण्याइतका वेळसुद्धा पुरतो. एक बाई खिडकीशी बसून कोटाला काजं करते. सहा होतात. सातवं होत नाही. संपला सिनेमा.

ती बाई म्हणजे माझी बायको. तिनं आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले. अभिनय कधी केला नाही, निदान माझ्यासमोर नाही. खिडकी आमच्याच बाहेरच्या खोलीतली. आतल्या खोलीत तेवढे दिवस दिव्यांच्या पेट्या आणि वायरींची भेंडोळी कोंबून ठेवली होती. कॅमेरा आत गेला नाही. जायला जागाच नव्हती. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण त्या दाराशी स्टूल टाकून मीच बसलो होतो, कोणी माझ्या पुस्तकांवर चहाचा कप ठेवू नये म्हणून.

एका महोत्सवानं सिनेमा निवडला, पण अट घातली. सिनेमांची ती जगभरची ऑनलाइन नोंदणी असते ना, तिथे या सिनेमाचं पान हवं. पान नाही तर सिनेमा नाही. मुलीनं चांगली नोकरी सोडून हे घोंगडं गळ्यात घेतलं होतं. ती परगावी, कामात बुडालेली. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हीच भरा तो अर्ज. तुम्हाला आवड आहे."

"आवड नाही, सवय आहे. खोकल्याची असते तशी."

"मग जरा खोका माझ्यासाठी."

भरला. दिग्दर्शक, छायाचित्रण, आवाज, संकलन. कलाकार : एक. त्या रकान्यात बायकोचं नाव टाकताना ती मागे येऊन उभी राहिली. चष्मा वर करून तिनं स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे सगळीकडे दिसणार?"

"जगभर."

"मग स्पेलिंग नीट बघा." आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ गुणगुणत राहिली.

उत्तर आलं ते असं : "आपण एक कलाकार नोंदवला आहे. पाठवलेल्या प्रतीत दोन कलाकार आहेत. कृपया यादी पूर्ण करावी."

२

मी सभ्य भाषेत कळवलं की कलाकार एकच आहे, ती माझ्या घरात राहते, आणि दुसरी असती तर माझ्या लक्षात आलं असतं. उत्तर आलं, "प्रत पुन्हा तपासली. दुसरा कलाकार आरंभापासून शेवटपर्यंत उपस्थित आहे."

आरंभापासून शेवटपर्यंत. हा खोचकपणा मला झोंबला. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघं सिनेमा बघायला बसलो. बायको स्वतःला पडद्यावर बघायला नाखूश.

"केस बघा कसे दिसतायत. पोरीला सांगितलं होतं, थांब, विंचरून येते."

"तुझ्याशिवाय कोणी दिसतंय का ते बघ."

"कोण दिसणार? तुमचा गुडघा दिसेल. तिथेच तर बसला होतात लुडबुड करत."

गुडघाही दिसला नाही. खिडकी, उजेड, कोट, तिची बोटं. संवाद जवळजवळ नाहीत. रस्त्याचा आवाज, कात्रीची करकर, मधूनच तिचा उसासा. मी डोळे मिटले, कारण डोळ्यांनी काही सापडत नव्हतं. तेव्हा ऐकू आलं. सगळ्या आवाजांच्या तळाशी, भिंतीपलीकडे चालावं तसं, शिलाई मशीन. थोडं चालायचं, थांबायचं. थोडं चालायचं, थांबायचं.

"मशीन कोण चालवतंय?"

"मीच की," ती सहज म्हणाली. मग पडद्यावर हातानं काज करणाऱ्या स्वतःकडे तिनं बघितलं. "नंतर टाकला असेल आवाज. सिनेमात सगळं नंतरच टाकतात."

मी मुलीच्या आवाजवाल्याला फोन लावला. मुलगा बरा आहे, फक्त प्रत्येक वाक्यात दोनदा काका म्हणतो.

"काका, मी मशीन टाकलेलं नाही काका. ते खोलीतच आहे."

"म्हणजे?"

त्यानं समजावलं. शूटिंग आटोपलं की हे लोक सगळ्यांना गप्प उभं करतात आणि नुसती खोली रेकॉर्ड करतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. मग ती शांतता सिनेमाभर खाली अंथरतात, सतरंजीसारखी, म्हणजे आवाज तुटक वाटत नाहीत.

"तुम्हीपण होतात की काका. सगळे उभे होतो."

होतो. मला चांगलं आठवतं. झाडून सगळे बाहेरच्या खोलीत, श्वास धरून. बायको माझ्या शेजारी, हसू दाबत, माझ्या दंडाला चिमटा काढत. कोणाला मशीनचा आवाज आला असता तर त्यानं तेव्हाच सांगितलं असतं. कोणाला आला नव्हता.

"मग तिथे कोणी होतं आतमध्ये?" आवाजवाल्यानं विचारलं. त्याच्या आवाजात भीती नव्हती, धंद्याची उत्सुकता होती. मी फोन ठेवला. वरच्या मजल्यावरचं धुण्याचं यंत्र असेल. जुन्या इमारतीत आवाज कुठूनही कुठेही जातात.

३

त्यानंतर मी नोंदणीवाल्यांना जी पत्रं लिहिली ती कोणी छापली तर माझं नाव होईल. मी विचारलं, आपल्याकडे मोजायला कोण बसवलं आहे आणि त्यांना शाळेत कोणी घातलं होतं. मी विचारलं, प्रेक्षक खुर्चीत हलला तर तोही कलाकार धरता काय. दर वेळी तेच उत्तर, त्याच थंड आवाजात, स्वल्पविरामसुद्धा न बदलता. माणसाशी भांडता येतं. भिंतीशीही येतं, हात दुखेपर्यंत. पण जे नम्रपणे "धन्यवाद" म्हणून पुन्हा पहिलं वाक्य म्हणतं, त्याच्याशी भांडताना आपणच हळूहळू वेडे दिसू लागतो.

महोत्सवाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मुलगी फोनवर रडायच्या बेतात होती, आणि ती रडायच्या बेतात आली की ओरडते.

"बाबा, काहीतरी टाका ना त्या रकान्यात. कोणाचंही नाव टाका. इथे सगळं थांबलंय."

"खोटं टाकू?"

"तुमच्या ऑफिसात काय रिकामे रकाने वर जायचे?"

हे तिनं बरोबर ओळखलं. आमच्याकडे रिकामा रकाना वर जात नसे. कागद अडला की त्यात काहीतरी भरायचं, असं की कोणी विचारलं तर समर्थन करता यावं, आणि कागद पुढे ढकलायचा. खोटंही नाही आणि खरंही नाही असं ते कौशल्य असतं. ते हातात भिनलं की निवृत्तीनंतरही जात नाही.

मी विचार केला, दुसरी बाई नाहीच, तर दुसरी बाईही हीच. मग हिचंच दुसरं नाव द्यावं. मी तिचं माहेरचं नाव टाकलं. जन्मतारीख तीच, पत्ता तोच. भूमिकेच्या रकान्यात लिहिलं : आतल्या खोलीतली बाई.

स्वतःच्या चतुराईवर मी इतका खूश झालो की उठून पाणी प्यायलो. परत येतो तो मंजुरी आलेली. इतक्या वेळा अडलेला कागद एका घोटात सुटला होता. एवढंच खाली लिहिलं होतं : "नावाबद्दल आभार. ते आमच्याकडे नव्हते."

४

दुसऱ्या दिवशी पान दिसू लागलं. मुलीनं फोनवरून आम्हा दोघांना कडकडून मिठी मारल्याचं जाहीर केलं. कलाकारांत दोन नावं, प्रत्येकासमोर एक छोटं चित्र. बायकोच्या नावासमोर तिचा खिडकीतला चेहरा. दुसऱ्या नावासमोरही तिचाच. पण तिथे खिडकी नव्हती. मागे आमच्या आतल्या खोलीतलं कपाट होतं, त्याच्या तुटक्या कडीसकट, आणि ती थेट कॅमेऱ्यात बघत होती.

मी बायकोला दाखवलं. मला वाटलं होतं ती हसेल. तिनं फोन हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"हे कधी काढलं?"

"सिनेमातूनच उचललं असेल त्यांनी."

"मी अशी कधी बसलेच नाही. आणि माझा भांग बघा. या बाजूला मी शाळेत पाडत होते." मग तिनं नाव वाचलं. तिचा चेहरा असा झालेला मी फार वर्षांत पाहिला नव्हता. "माझं जुनं नाव कोणाला विचारून टाकलंत?"

"अगं, रकाना अडला होता..."

"रकाना माझा होता का? त्या नावानं मला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. आई गेली, दादा गेला. ते नाव मी नीट घडी घालून ठेवून दिलं होतं. आणि तुम्ही ते काढून भलत्याच बाईला घालायला दिलंत."

"भलती बाई कुठे आहे? तूच आहेस ती."

"मग तुम्हाला तिचा फोटो बघून घाम का फुटलाय?"

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेली. दार आपटलं. मी तिथेच बसून नाव काढून टाकण्याचा अर्ज लिहायला घेतला. उत्तर लगेच आलं : या व्यक्तीची ओळख पटलेली असल्याने नाव काढता येणार नाही.

ते वाचत असताना आत मशीन चालू झालं.

मी वरच्या मजल्याची आठवण काढली. वरच्या मजल्यावरचे लोक दुपारी कामावर असतात, हेही आठवलं. मी उठलो. घाबरून नव्हे, रागानं उठलो. माझ्या घरात मला न विचारता कोणी यंत्र चालवतं याचा राग. आतलं दार ढकलेपर्यंत आवाज थांबला. खोली जशीच्या तशी. मशीनवर खोळ, खोळीवर बायकोचा चष्म्याचा डबा. मी डबा बाजूला ठेवला, खोळ काढली, मोटारीवर हात ठेवला.

कोमट होती.

ऊन, मी स्वतःला सांगितलं. त्या खोलीत दुपारी ऊन येत नाही. मग इमारतीची उष्णता, मी सांगितलं. एवढं वाचलेला माणूस, स्वतःला काहीही सांगू शकतो.

५

नंतर काही दिवस बरे गेले. बायको बोलायला लागली, आधी कामापुरतं, मग सवयीनं. आतल्या खोलीत ती जाईना. शिवण घेऊन बाहेरच्या खोलीतच बसे. विचारलं तर म्हणे, "तिथे कोंदट होतं." मी पान रोज उघडून बघत असे, दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसा. नावावर बोट ठेवलं की त्या कलाकाराचं वेगळं पान उघडे. बायकोच्या पानावर एकच ओळ होती, मी भरलेली. दुसरं पान मात्र भरत चाललं होतं. जन्मगाव आलं. शाळा आली. एका दुपारी तिथे वाक्य होतं : लहानपणी डाव्या हाताने लिहीत असे.

"तू डावखुरी होतीस?" मी विचारलं.

तिचा सुईचा हात थांबला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"होतीस?"

"शाळेत बाई हात बांधून ठेवायच्या खुर्चीला. सुटली सवय." मग, माझ्याकडे न बघता, "हे मी तुम्हालाही सांगितलेलं नाही हो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही."

मग ते पत्र आलं. "आपल्या चित्रपटाच्या नोंदीत एकाच व्यक्तीची दोन पाने असल्याचे दिसते. नियमानुसार एका व्यक्तीस एकच पान ठेवता येते. या दोन्ही एकच व्यक्ती आहेत काय?" खाली दोन चौकोन. होय. नाही.

कारकुनाचा जन्म ज्यांना लाभलेला नाही त्यांना या दोन चौकोनांची क्रूरता कळणार नाही. नाही म्हणावं, तर माझ्या घरात दुसरी बाई आहे, तिचा चेहरा माझ्या बायकोचा आहे आणि ती आतल्या खोलीत बसते, असं मी स्वतःच्या हातानं लिहून देतो. आणि लिहून दिलेलं खरं होऊन बसतं. मी साध्या नावाचं काय झालं ते बघितलं होतं. होय म्हणावं, तर दोहोंतलं एक जाणार. पण होय हे खरं होतं. आयुष्यभर मी खऱ्याच्या बाजूनं नसलो तरी नियमाच्या बाजूनं होतो, आणि इथे दोन्ही एका बाजूला आले होते. मी होयवर खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं : विवाहानंतरचे नाव व पान कायम ठेवावे, दुसरे रद्द करावे. दोनदा अधोरेखित केलं. शेरा वाचला जातो अशी समजूत फक्त अर्जदाराची असते.

"खात्री केल्याबद्दल आभार," उत्तर आलं. "पाने एकत्र केली आहेत. मूळ नाव व अधिक परिपूर्ण पान कायम ठेवण्यात आले आहे."

मी मुलीला फोन केला. पाठीमागे लोकांचा गलका होता. ती महोत्सवात होती.

"बाबा, नावच आहे ते. नंतर बदलून घेऊ."

"आईचं नाव गेलंय तिथून. चेहरा गेलाय."

"चेहरा आहे की. मी आत्ताच बघितलं. छान दिसतेय आई." कोणीतरी तिला हाक मारली. "बाबा, लोकांना सिनेमा फार आवडला. सगळे एकच विचारतायत, ती आतली बाई कोण म्हणून. मी म्हटलं, तीच तर गंमत आहे."

मी फोन भिंतीवर मारणार होतो. पण तो माझाच होता.

६

त्या संध्याकाळी बायको नेहमीसारखी होती. माझ्यावर खेकसली, माझी गोळी काढून दिली, माझ्या घोरण्यावर बोलली. सकाळीही तशीच. मी औषधाच्या दुकानात गेलो आणि दुपारी परत आलो. नेहमीप्रमाणे लॅच उघडून आत शिरलो, चपला काढल्या.

ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि मला बघून थांबली. मग हसली. ते हसू मला माहीत आहे. दारात आलेल्या परक्या माणसासाठी ती ते ठेवते.

"बसा ना," ती म्हणाली. "ते बाहेर गेलेत. येतीलच एवढ्यात."

मी म्हणालो, "पुरे झाली थट्टा."

"काही काम होतं का त्यांच्याकडे?"

केसांचा भांग दुसऱ्या बाजूला होता. तिनं ट्रेमधून पाणी आणलं. आमच्या घरात मला कधी कोणी ट्रेमधून पाणी दिलेलं नाही. ग्लास माझ्यासमोर ठेवला तो डाव्या हातानं. मी ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. तिचा राग येऊन ओरडलो नव्हतो, पण ऐकून तीच घेत होती. दोन पावलं मागे सरली आणि तरी आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही शांत व्हा. ते आले की बोला त्यांच्याशी. तेही असेच आहेत, रागीट. रेकॉर्डला कारकून होते. पण माणूस वाईट नाही."

फोन वाजला. मुलीचा होता. बायकोनं उचलला आणि अगदी आईच्या आवाजात, आईच्याच घाईत बोलली : "हो गं, जेवले. बाबा बाहेर गेलेत. एक गृहस्थ येऊन बसलेत त्यांच्यासाठी. भला माणूस दिसतो, जरा तापट आहे."

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ती आली, वाटेत माझे आभार मानत. डॉक्टरांनी वय सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं, अशी माणसं एखादाच चेहरा विसरतात म्हणाले. मला ते पटलं. मला ते फार पटायला हवं होतं, म्हणून पटलं. घरी परत आलो. तिनं दार उघडून मला आधी आत जाऊ दिलं, पाहुण्याला देतात तसं. मी खुर्चीत बसलो. ती स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली, नळ वाजला.

आणि आतल्या खोलीत मशीन थांबलं, आणि तिथून माझी बायको म्हणाली, "अहो, आलात का?"

तोच आवाज. तोच वैताग, शेवटचं अक्षर ओढण्याची तीच तऱ्हा. आयुष्यात मी हजार वेळा या हाकेवर पुस्तक मिटलं आहे. मी उठलो. दारापाशी पोचेपर्यंत माझं मनगट कोणीतरी धरलं. स्वयंपाकघरातून ती धावत आली होती, हात ओले.

"आत नका जाऊ," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती, पण भीती होती, आणि भीती माझ्यासाठी होती. "आत कोणी नाही."

ती पकड मला माहीत आहे. रस्ता ओलांडताना ती माझं मनगट तसंच धरते.

७

तेव्हापासून असं चाललं आहे. मी दुपारी बाहेरच्या खोलीत बसतो. ती मला पाणी आणून देते, हवापाण्याचं बोलते, नवऱ्याला उशीर का झाला म्हणून खिडकीतून वाकून बघते. "कधी एवढा वेळ लावत नाहीत हो," म्हणते. मी म्हणतो, येतील. रात्री मी सोफ्यावर झोपतो, आणि सकाळी आपल्याकडे पाहुणा का आहे याचं तिला नव्यानं आश्चर्य वाटतं. जी मला ओळखत नाही ती बाहेर आहे. जी मला ओळखते ती आत आहे. यातली माझी बायको कोणती हे नोंदणीवाल्यांना मी नाना परींनी विचारलं. त्यांचं म्हणणं, आपणच खात्री केली आहे की या एकच व्यक्ती आहेत.

आतली हाक थांबत नाही. "अहो, ऐकलंत का?" "अहो, जरा येता का?" कधी चिडून, कधी लाडानं, कधी बरं नसल्यासारखी. माझ्या सगळ्या खोडी तिला माहीत आहेत. चहात मी चोरून साखर घालतो ते तिला माहीत आहे. माझ्या आईच्या आजारपणात मी जिन्यात बसून रडलो होतो ते तिला माहीत आहे, आणि ते माझ्या बायकोशिवाय कोणाला माहीत नाही. मी दात आवळून बसतो. समोर ही, अनोळखी नजरेची, माझ्या मनगटावर लक्ष ठेवून. मला हिच्यासाठी गप्प राहायचं असतं. पण दिवसभर कोणी आपल्याला ओळखलंच नाही, आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, की माणसाचं काय होतं हे मला आता कळलं आहे. त्याला राग येतो. आणि रागात माणूस कोणाच्याही बाजूला जातो.

काल दुपारी ही पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "माफ करा हं, तुमचं नाव मी विचारलंच नाही."

त्याच वेळी आतून आवाज आला, "अहो."

आणि मी ओ दिली.

फार मोठ्यानं नाही. सवयीनं, मान वर न करता, नवरे देतात तशी. आत मशीन थांबलं. दार तळहाताएवढं उघडलं, आपलं आपण, कोणी आतून ओढावं तसं. तेवढ्या फटीतून मला कपाटाची तुटकी कडी दिसली, मशीनची कड दिसली आणि मशीनशेजारी ओढून ठेवलेली दुसरी खुर्ची दिसली. खुर्चीवरची धूळ नुकतीच पुसलेली होती. बाकी मी पाहिलं नाही. मी बायकोकडे वळलो.

ती ट्रे धरून तशीच उभी होती. माझ्या खुर्चीकडे बघत होती, जसं आपण रिकाम्या खुर्चीकडे बघतो.

"कोण बोललं?" तिनं खोलीला विचारलं.

मी म्हणालो, मी बोललो. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, मी आहे, मी इथे आहे, मी तुझा नवरा आहे, आणि माझ्या तोंडची थुंकी तिच्या चष्म्यावर उडाली. तिनं चष्मा काढून पदराला पुसला. मग हातातल्या भरल्या ग्लासाकडे तिनं बघितलं, हे आपण कोणासाठी आणलं ते आठवेना तसं, आणि तो परत घेऊन गेली.